गुग्गुळ आणि रक्ताचा वारसा



राजस्थानच्या मधून अरवली पर्वताची रांग तिरपी गेली आहे. तिच्या खडकाळ उतारांवर आणि तिच्या पश्चिमेकडील मरुभूमीत एक काटेरी झुडूप उगवते. त्याची उंची पुरुषभर किंवा त्याहून थोडी अधिक असते. वर्षाचा बराच काळ ते पर्णहीन असते आणि त्याची साल कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटते. खोडाला छेद दिला की त्यातून पिवळसर सुगंधी रस पाझरतो व हवेत वाळून घट्ट होतो. हाच गुग्गुळ. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्या झुडपाला कॉमिफोरा वायटी असे म्हणतात. राजस्थानखेरीज कच्छ, सिंध आणि बलुचिस्तान ह्या कोरड्या प्रदेशांतही ते आढळते. महाराष्ट्रातील फारच थोड्या लोकांनी हे झुडूप प्रत्यक्ष पाहिले असेल. परंतु तिन्हीसांजेची धुरी, बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आणि वैद्याच्या पुडीतील योगराज गुग्गुळ ह्यांच्यामुळे त्याचा वास मात्र घरोघर ओळखीचा आहे.

ह्या झुडपाच्या निमित्ताने एका व्यापक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आईबापांकडून रक्ताबरोबर येणारा जो विकार, त्यावर वनस्पतीतील एखादे द्रव्य उपयोगी पडू शकते काय? जयपूर हे शहर ह्या प्रश्नाला साजेसे आहे. येथे सवाई मानसिंग वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले आणि राष्ट्रीय आयुर्वेद संस्था १९७६ साली स्थापन झाली; २०२० साली ह्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सूक्ष्मदर्शकाची परंपरा आणि संहितांची परंपरा एकाच नगरीत शेजारी शेजारी नांदत आहेत. शेजारी राहणाऱ्यांमध्ये संवाद असतोच असे नाही. म्हणूनच वरील प्रश्नाला दोन सोपी उत्तरे वारंवार ऐकू येतात. एक उत्तर असे, की आपल्या प्राचीन ग्रंथांत सर्व काही आहे. शोधायचे काही उरलेले नाही. दुसरे असे, की जुने ते सारे भाकड आहे. त्यात वेळ दवडण्यात अर्थ नाही. दोन्ही उत्तरे देणाऱ्याला कष्ट पडत नाहीत. गुग्गुळाच्या बाबतीत मात्र काही माणसांनी कष्ट घेतले, आणि त्यांच्या श्रमातून जे हाती आले ते ह्या दोन्ही उत्तरांपेक्षा वेगळे निघाले.

प्रथम विकाराची ओळख करून घेतली पाहिजे. १९३८ साली ऑस्लो येथील वैद्य कार्ल म्युलर ह्यांनी नॉर्वेतील काही कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. ह्या कुटुंबांतील माणसांच्या कातडीखाली व स्नायुबंधांवर पिवळट गाठी येत, त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल नावाच्या मेदद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले असे आणि ऐन उमेदीत त्यांना हृदयविकार जडत असे. ह्या तिन्ही गोष्टी एकाच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकत्र दिसतात, तेव्हा त्यांचे मूळ एकच असले पाहिजे आणि ते आनुवंशिक असले पाहिजे, हे म्युलर ह्यांनी ओळखले. आज ह्या विकाराला ‘कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलता’ म्हणता येईल.

कोलेस्टेरॉल हे मुळात विष नव्हे. प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागते. पित्ताम्ले आणि कित्येक संप्रेरके त्यापासूनच तयार होतात. परंतु ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून नेताना त्याला प्रथिनाचे वेष्टन लागते. अशा वेष्टनबद्ध कणांना मेदप्रथिने म्हणतात. त्यांतील ‘एलडीएल’ ह्या नावाचे कण रक्तातून काढून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने असतात. धक्क्यावरचा हमाल नावेतले पोते उचलून गोदामात नेतो, त्याप्रमाणे ही प्रथिने एलडीएलचा कण पकडून पेशीच्या आत नेतात. ह्यांना ग्राही प्रथिने म्हणतात. अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन ह्या दोन संशोधकांनी १९७३ पासून पुढे हे सारे उलगडून दाखविले, आणि १९८५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या विकाराने पीडित असलेल्या माणसांत हमालांचीच उणीव असते, हे त्यांनी सिद्ध केले. ग्राही प्रथिन घडविणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. ते सदोष असले की ग्राही तयार होत नाही किंवा तयार होऊनही काम करीत नाही. मग पोती धक्क्यावरच साचतात, म्हणजे कोलेस्टेरॉल रक्तात साचते आणि हळूहळू रोहिण्यांच्या भिंतीत शिरून त्यांची वाट अरुंद करते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, दुसरी बापाकडून. एक प्रत सदोष असेल तर निम्मे हमाल तरी कामावर असतात. अशी माणसे सुमारे अडीचशे ते तीनशेंमागे एक, इतक्या प्रमाणात जगभर आढळतात. म्हणजे हा दुर्मिळ विकार नव्हे. तो दुर्लक्षित विकार आहे. अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. दोन्ही प्रती सदोष असणे मात्र फार विरळा. काही लाखांत एखादेच असे मूल जन्मते. त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि टाचेमागील शिरेवर बालपणीच पिवळ्या गाठी दिसू लागतात, आणि उपचार न झाल्यास विशी गाठण्यापूर्वीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. आईबाप दोघेही एकेक सदोष प्रत बाळगणारे असतील, तर त्यांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत हा धोका चारात एक असतो. जवळच्या नात्यातील विवाहात असा योग येण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत आतेभावंडे व मामेभावंडे ह्यांचे विवाह रूढ आहेत, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अशा मुलाचे आईबाप काय करतात? प्रथम गाठींवर लेप लावला जातो. मग कोणी पथ्य सांगतो, कोणी काढा सांगतो, कोणी नवस सांगतो. ‘मुळापासून बरे करू’ असे आश्वासन देणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. मूल हसतखेळत असते, दुखत काहीच नसते. म्हणून वर्षे निघून जातात. ह्या वर्षांची किंमत काय, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील कथेचे महत्त्व कळणार नाही.

आता गुग्गुळाकडे वळू. सुश्रुतसंहितेत मेदोवृद्धीचे वर्णन आहे. अतिरिक्त मेदामुळे शरीरातील मार्ग अवरुद्ध होतात आणि त्यातून निरनिराळे विकार उद्भवतात, असे तेथे म्हटले असून उपचारांत गुग्गुळाचा उल्लेख आहे. बनारस हिंदू विद्यापीठात संशोधन करणाऱ्या डॉ. जी. व्ही. सत्यवती ह्यांचे लक्ष ह्या वर्णनाकडे गेले. रोहिण्या कठीण व अरुंद होण्याचा जो विकार आधुनिक वैद्यक सांगते, त्याच्याशी हे वर्णन बरेच जुळते, असे त्यांना वाटले. केवळ साम्य दाखवून त्या थांबल्या असत्या, तर एक विद्वत्तापूर्ण लेख तयार झाला असता आणि प्रश्न तेथेच राहिला असता. त्यांनी सशांवर प्रयोग केले. कोलेस्टेरॉलयुक्त आहार देऊन सशांच्या रक्तातील मेद वाढविला, त्यांपैकी काहींना गुग्गुळ दिला आणि काहींना दिला नाही, व दोहोंची तुलना केली. गुग्गुळ दिलेल्या सशांत कोलेस्टेरॉल कमी आढळले. १९६६ साली हा प्रबंध सादर झाला. ह्याच सत्यवती पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

ग्रंथातील वचनाला त्यांनी निष्कर्ष मानले नाही, तसेच ते टाकूनही दिले नाही. त्याचे रूपांतर त्यांनी तपासता येईल अशा प्रश्नात केले. पूर्वजांच्या ज्ञानाचा ह्याहून मोठा आदर दुसरा कोणता असू शकेल?

पुढची पायरी रसायनशास्त्राची होती. गुग्गुळात डिंक, राळ, सुगंधी तेले अशी असंख्य द्रव्ये एकत्र असतात. त्यांतील कोणते द्रव्य काम करते हे कळल्यावाचून मात्रा निश्चित करता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांचे सहकारी पाटील व नायक ह्यांनी गुग्गुळाच्या राळेतील स्टेरॉइड वर्गातील घटक वेगळे केले व त्यांची रेणुरचना निश्चित केली. हे काम १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील दोन घटकांना गुग्गुलस्टेरोन हे नाव मिळाले. दोहोंत अणू तेच व तितकेच आहेत. फक्त त्यांच्या मांडणीत थोडा फरक आहे. त्यानंतर लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळापासून प्रमाणित अर्क तयार केला. त्याला गुगुलिपिड म्हणतात. प्रमाणित म्हणजे प्रत्येक गोळीत क्रियाशील द्रव्याचा अंश ठराविक असलेला. बाजारातील गुग्गुळात हा अंश जागेप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि भेसळीप्रमाणे बदलत असतो. म्हणून ह्या पायरीला फार महत्त्व आहे.

मग पाळी आली माणसांवरील चाचणीची. मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी ह्या सात शहरांत ती झाली, आणि तिचा वृत्तांत १९८९ साली प्रसिद्ध झाला. ह्या चाचणीचे दोन भाग होते. पहिल्या भागात २०५ रुग्णांना आठ आठवडे पथ्य व औषधहीन गोळी दिल्यानंतर बारा आठवडे गुगुलिपिड देण्यात आले. आपण खरे औषध घेत आहोत हे रुग्णाला ठाऊक होते आणि आपण ते देत आहोत हे डॉक्टरलाही ठाऊक होते. ह्या भागात सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांना गुण आला, आणि कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरले. दुसऱ्या भागात गुगुलिपिडची तुलना त्या काळी प्रचलित असलेल्या क्लोफिब्रेट ह्या औषधाशी करण्यात आली. येथे कोणती गोळी कोणाला मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. ह्या भागात गुगुलिपिडने कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्क्यांनी उतरले. क्लोफिब्रेटने १० टक्क्यांनी.

ह्या दोन आकड्यांपाशी क्षणभर थांबले पाहिजे. औषध तेच, शहरे तीच. परंतु डोळ्यांवर पट्टी बांधताच २३.६ चे ११ झाले. दोन्ही भागांची आखणी वेगळी असल्यामुळे दोन्ही आकडे एकाच तराजूत घालता येणार नाहीत. तरीही ही तफावत बोलकी आहे. पहिल्या भागात कोणी खोटेपणा केला, असा तिचा अर्थ नव्हे. औषध चालू आहे असे कळले की माणूस पथ्य अधिक कसोशीने पाळतो. चार पावले जास्त चालतो. शिवाय कोलेस्टेरॉल अगदी वाढलेले असतानाच रुग्ण चाचणीत येतो, आणि शिखरावरून कोणतीही गोष्ट थोडी खालीच येते. आशा ही रुग्णाच्या ठिकाणी असते तशी संशोधकाच्या ठिकाणीही असते. हे सारे वजा केल्यावर जे शिल्लक राहते, तेवढेच औषधाचे. सात शहरांतील संशोधकांनी दोन्ही आकडे एकाच लेखात छापले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण आहे. लोकांच्या स्मरणात मात्र बहुधा मोठा आकडाच राहतो.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गुगुलिपिड भारतात औषध म्हणून विक्रीस आले. पुढे त्याची कीर्ती परदेशांत पोहोचली आणि तेथील दुकानांत ते पूरक आहार म्हणून विकले जाऊ लागले. २००२ साली ह्या कथेला एक आश्चर्यकारक वळण मिळाले. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी गुग्गुलस्टेरोनची पेशीतील नेमकी जागा शोधून काढली. यकृतातील पेशीत पित्ताम्लांची पातळी ओळखणारे एक ग्राही प्रथिन असते; त्याला एफएक्सआर म्हणतात. पित्ताम्ले पुरेशी झाली की हे प्रथिन कोलेस्टेरॉलपासून आणखी पित्ताम्ल बनविण्याचे काम थांबविते. गुग्गुलस्टेरोन ह्या पहारेकऱ्याला अडवून धरते, असे दिसून आले. संशोधकांनी अधिक कोलेस्टेरॉलयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना ते दिले, तेव्हा त्यांच्या यकृतातील कोलेस्टेरॉल उतरले; परंतु ज्या उंदरांतून एफएक्सआरचे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्यावर त्याचा परिणाम झाला नाही. तेच द्रव्य, तीच मात्रा. जनुक आहे तेथे गुण, जनुक नाही तेथे निर्गुण. वनस्पतीतील रेणू आणि प्राण्याचा आनुवंशिक वारसा ह्यांची गाठ कोठे पडते, हे इतक्या स्वच्छपणे दाखविणारे प्रयोग थोडेच असतील.

आता सारे काही जमून आले, असे त्या वेळी अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. ग्रंथाचा आधार होता, सशांवरील प्रयोग होता, रेणू हाती होता, सात शहरांतील चाचणी होती आणि पेशीतील जागाही सापडली होती. नेमक्या अशा वेळी, २००३ साली, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ प्रौढांचे त्यांनी तीन गट केले होते. एका गटाला गुगुलिपिडची नेहमीची मात्रा, दुसऱ्याला मोठी मात्रा आणि तिसऱ्याला औषधहीन गोळी. कोणाला काय मिळते हे कोणालाच ठाऊक नव्हते. आठ आठवड्यांनंतर औषधहीन गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी उतरले होते. नेहमीची मात्रा घेणाऱ्यांचे ४ टक्क्यांनी आणि मोठी मात्रा घेणाऱ्यांचे ५ टक्क्यांनी ते वाढले होते. औषध घेणाऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पुरळही उठले. पुढे २००९ साली नॉर्वेतील ४३ रुग्णांवरील बारा आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तेथे एकूण कोलेस्टेरॉल किंचित उतरले, परंतु त्याबरोबर हितकारक समजले जाणारे एचडीएलही उतरले, आणि एलडीएलमध्ये फरक पडला नाही.

ह्याचा अर्थ कसा लावावयाचा? भारतीय आहार वेगळा, अमेरिकन आहार वेगळा. दोन्ही समाजांची आनुवंशिक घडण काही अंशी वेगळी. अर्काची जात वेगळी असू शकते. ही कारणे विचारात घेण्याजोगी आहेत आणि त्यांची तपासणी होऊ शकते. परंतु तपासणी झाल्यावाचून ती ढालीसारखी पुढे करणे योग्य नव्हे. आपल्याला आवडलेल्या निष्कर्षाला पुरावा म्हणावयाचे आणि न आवडलेल्याला परकीयांचा पूर्वग्रह म्हणावयाचे, ही वृत्ती सत्यवतींच्या वाटेवरची नव्हे. आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून इतकेच म्हणता येते, की एलडीएल कोलेस्टेरॉल भरवशाने उतरविणारे औषध म्हणून गुगुलिपिडवर विसंबता येत नाही. आणि जन्मतः ग्राही नसलेल्या मुलाला गुग्गुळावर ठेवणे म्हणजे त्याची मौल्यवान वर्षे वाया घालविणे होय.

येथे कोणी म्हणेल, की मग निसर्गातील द्रव्यांचा नाद सोडून द्यावा. पण ह्याच विकाराच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे. जपानमधील अकिरा एंडो ह्या संशोधकाने एका औषध कंपनीत काम करीत असताना १९७१ पासून हजारो बुरश्या तपासल्या. सुमारे सहा हजार नमुने पाहून झाल्यावर पेनिसिलियम जातीच्या एका निळसर बुरशीत त्याला हवे ते द्रव्य सापडले. यकृतात कोलेस्टेरॉल बनविण्याची क्रिया ते रोखत असे. स्टॅटिन ह्या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या औषधांचा तो मूळपुरुष. १९७८ साली ओसाका येथे ते द्रव्य पहिल्यांदा एका रुग्णाला देण्यात आले. ती रुग्ण अठरा वर्षांची मुलगी होती आणि तिला कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलतेचे उग्र रूप होते. कोलेस्टेरॉल उतरले, परंतु मोठ्या मात्रेने स्नायू दुबळे झाले. मात्रा कमी केल्यावर ते सुधारले. दुसऱ्या एका बुरशीपासून काढलेल्या लोव्हास्टॅटिन ह्या औषधाला १९८७ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. म्हणजे औषध झुडपातून आले की बुरशीतून, की रसायनशाळेतून, ह्यावर त्याची योग्यता ठरत नाही. ते कसोटीला उतरले की नाही, ह्यावर ठरते.

स्टॅटिन कसे काम करते, हे पाहिले म्हणजे वारशाचा मुद्दा पुन्हा समोर येतो. यकृतात कोलेस्टेरॉल बनेनासे झाले, की यकृताची पेशी ते बाहेरून मिळविण्यासाठी अधिक ग्राही घडविते, म्हणजे अधिक हमाल कामावर ठेवते. ज्याची एक प्रत धड आहे त्याला ह्याचा मोठा लाभ होतो. ज्याच्या दोन्ही प्रती निकामी आहेत त्याच्याकडे कामावर ठेवण्यास हमालच नसतात; म्हणून त्याला गुण फार थोडा येतो. १९८४ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे अशा एका सहा वर्षांच्या मुलीवर हृदय व यकृत ह्या दोहोंचे एकाच वेळी रोपण करण्यात आले. नव्या यकृतात ग्राही होते. त्यामुळे तिचे कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले. जनुकाचा दोष कोठे आहे हे कळल्यामुळेच उपाय कोठे करावयाचा हे कळले. त्यानंतर ग्राहींचा नाश थांबविणारी आणि ग्राहींवाचूनही काम करणारी नवी औषधे आली आहेत, आणि यकृतातील जनुकाच्या अक्षरांत थेट दुरुस्ती करण्याचे प्राथमिक प्रयोगही काही रुग्णांवर झाले आहेत.

भारतीय वनस्पतींच्या बाजूनेही एक उदाहरण देण्यासारखे आहे. सर्पगंधेच्या मुळीतून सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्यांनी १९३१ साली एक द्रव्य वेगळे केले आणि दिल्लीचे हकीम अजमलखान ह्यांच्या नावावरून त्याला अजमलिन असे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन आलेला अनुभव १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडला, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य काढले गेले. रिसर्पिनचे पुढे खूप नाव झाले. अजमलिन मात्र एका अनपेक्षित ठिकाणी कामी आले. स्पेनमधील ब्रुगाडा बंधूंनी १९९२ साली हृदयाच्या एका विकाराचे वर्णन केले. धडधाकट दिसणारा माणूस त्यात अकस्मात दगावतो. अनेक कुटुंबांत त्याचे मूळ हृदयपेशीतील सोडियमचा मार्ग घडविणाऱ्या जनुकाच्या दोषात सापडते. हा दोष नेहमीच्या हृदयालेखात कित्येकदा लपून राहतो. रुग्णालयाच्या देखरेखीखाली अजमलिन शिरेतून दिले असता तो आलेखावर उघड होतो. येथे वनस्पतीतील द्रव्य आनुवंशिक विकार बरा करीत नाही. तो ओळखण्यास मदत करते. परंतु वेळेवर झालेल्या ओळखीने प्राण वाचतात, तेव्हा ही मदत लहान कशी म्हणावी?

तात्पर्य, वनस्पतीतील द्रव्य सदोष जनुक दुरुस्त करील, ही अपेक्षा चुकीची आहे. जनुकाच्या दोषामुळे शरीराच्या कारभारात जी खोळंबा झालेली जागा असते, तिच्या मागेपुढे एखादा रेणू काम करू शकतो. तो करतो की नाही हे चाचणीनेच कळते. आणि कोणत्या रुग्णात करतो हे त्या रुग्णाच्या वारशावर अवलंबून असते. ‘मुळापासून बरे करू’ म्हणणाऱ्याला विचारण्याचा प्रश्न साधा आहे: हे औषध कोणाकोणाला दिले, कोणाला दिले नाही, आणि दोहोंत काय फरक पडला? ज्याला ह्या प्रश्नाचा राग येतो, त्याच्यापाशी उत्तर नसते.

सामान्य कुटुंबाच्या हातात काय आहे, हेही सांगितले पाहिजे. घरातील एखाद्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला साठीच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, कोणाच्या टाचेमागे, कोपरावर किंवा बोटांच्या शिरांवर कठीण गाठी असतील, किंवा तरुणपणीच डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडे दिसत असेल, तर त्या घरातील सर्वांच्या, मुलांच्यासुद्धा, रक्तातील कोलेस्टेरॉल तपासावे. एका रुग्णाचे निदान झाले की त्याचे आईबाप, भावंडे आणि मुले ह्यांची तपासणी करीत जाणे, हा ह्या विकाराला गाठण्याचा उत्तम मार्ग आहे. साध्या रक्ततपासणीने सुरुवात होते, आणि स्टॅटिन वर्गातील औषधे भारतात बनतात व स्वस्त मिळतात. जयपूरमध्ये १९९० च्या दशकापासून ‘जयपूर हार्ट वॉच’ ह्या नावाने शहरवासीयांच्या रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि इतर धोक्यांची सर्वेक्षणे होत आली आहेत. अशा कामातूनच आपल्या लोकांचे आपले आकडे हाती येतात. विवाह जुळविताना पत्रिका पाहणाऱ्या समाजाने घराण्यातील हृदयविकाराची चौकशी करण्यास संकोच मानू नये. आणि अशी माहिती उघड झाल्यावर त्या घराला, विशेषतः त्या घरातील मुलीला, बोल लावू नये. जनुकाचा दोष हा कोणाचा अपराध नसतो.

शेवटी पुन्हा त्या झुडपाकडे. गुग्गुळाची कीर्ती वाढली तसा त्याचा उपसाही वाढला. पूर्वी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बेताचे छेद देऊन राळ गोळा करीत आणि मग झुडपाला विसावा मिळे. अधिक राळ लवकर मिळावी म्हणून खोल घाव घालणे व त्यांत रसायने भरणे सुरू झाले. अशी झुडपे भरपूर राळ देतात आणि वाळून जातात. ज्या रोपाला राळ देण्याजोगे होण्यास कित्येक वर्षे लागतात, ते एका हंगामात संपते. शिवाय गुग्गुळाचे बी पुष्कळदा परागसंयोगावाचूनच तयार होते; त्यामुळे संततीत मातेचाच साचा उतरतो आणि विविधता कमी राहते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ह्या जातीची नोंद नष्ट होण्याच्या अगदी जवळ आलेल्या जातींत केली आहे. म्हणजे ज्याच्या आधाराने आपण माणसाच्या वारशातील दोषावर उपाय शोधीत होतो, त्याचाच वारसा धोक्यात आला आहे. कलमे लावून शेती करणे, छेद देण्याच्या सौम्य रीती शिकविणे आणि राळ गोळा करणाऱ्या गरीब माणसाला झुडूप जगविण्यात अधिक मोबदला मिळेल अशी व्यवस्था करणे, हे उपाय माहीत आहेत. ते नेटाने चालविण्याची गरज आहे.

गुग्गुळाने कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलता बरी केली नाही. परंतु त्याच्या मागे गेल्यामुळे एक नवा रेणू सापडला, यकृतातील एका पहारेकऱ्याचे काम समजले, आणि भारतीय औषधांची कसोटी भारतातच सात शहरांत कशी घेता येते हे दिसून आले. त्या झुडपाच्या राळेत आणखी कोणत्या विकाराचे उत्तर दडले असेल, हे आज सांगता येणार नाही. ते शोधणाऱ्या पुढच्या संशोधकाला झुडूप शिल्लक सापडले पाहिजे, आणि ज्या मुलासाठी तो शोध चालेल ते मूल तोवर योग्य उपचारांवर सुखरूप असले पाहिजे. ह्या दोन गोष्टी मात्र आज, आपल्या हातात आहेत.